चार-तीनला बाजू बदलली

वारजे, २३ एप्रिल

शौनक,

धाकट्या भावाला पत्र लिहिताना सुरुवातीला आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. ती जागा मी रिकामी सोडली आहे. त्यात काय भरायचं ते पत्र वाचून झाल्यावर तूच ठरव.

कागदावर लिहितेय कारण तू माझा फोन उचलत नाहीस आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मला ब्लॉक केलं आहेस. अडतीस वर्षांचा घोडा झालास आणि सख्ख्या बहिणीला ब्लॉक करतोस, धन्य आहे. पत्र क्लबातला जुनेद आणून देईल. नारायण पेठेतून सदाशिव पेठेत यायला त्याला काही विमान लागत नाही. ओळी वरखाली गेल्या असतील तर चालवून घे. उजव्या डोळ्यावर पट्टी आहे, आणि पट्टीखाली काय उरलंय ते डॉक्टर अजून सरळ सांगत नाहीत.

आई इथे माझ्याकडे राहायला आली आहे. काल मला मऊ भात भरवताना म्हणाली, "शौनक म्हणतो, वाऱ्याने चेंडू वळला गं. मुद्दाम कोण मारेल बहिणीला?" मी घास थुंकला. आईने मुकाट्याने फडकं आणून पुसलं. तिला वाटलं मळमळतंय.

वाऱ्याने म्हणे. हेच तू हॉस्पिटलात डॉक्टरांना सांगत होतास. मी स्ट्रेचरवर होते, मेले नव्हते. माझ्या केसांतून रक्त मानेवर येत होतं आणि तू शाळेतल्या मुलासारखा पाठ केलेलं म्हणत होतास, खूप वारा होता, चेंडू अचानक वळला. आता सगळा क्लब तेच म्हणतो. जुनेदसुद्धा. तो बिचारा तरी खरं बोलतो, शेजारच्या कोर्टवर होता आणि डोळ्यांत माती गेली म्हणून पाठ फिरवून उभा होता. त्याने काही पाहिलं नाही. पाहिलं ते दोघांनीच, तू आणि मी.

अक्षय तृतीयेची टेनिसची मॅच बाबांनी सुरू केली. हरेल त्याने रात्रीच्या जेवणाला आमरस काढायचा, हा नियमही त्यांचाच. आणि आजवर रस कोणाच्या कोपरापर्यंत ओघळत आलाय ते आईला विचार. या वर्षीही वेगळं काही होणार नव्हतं. पाच वाजता वारा सुटला, कोर्टवरची लाल माती उठायला लागली, रेषा दिसेनात. तू म्हणालास, "ताई, उद्या खेळू." मीच म्हटलं, आजच. वारा काय, दोघांना सारखाच. बाजू बदलली की तोही बदलतो. वाऱ्याची वाटणी इतकी चोख होते की आपल्या पेठेतल्या भाऊबंदांनी शिकवणी लावावी.

तुझ्या सर्व्हिसचा तर तमाशा झाला होता. तू चेंडू वर फेकायचास, वारा तो पळवायचा, तू धडपडत झेलायचास आणि म्हणायचास, "सॉरी ताई." पुन्हा फेक, पुन्हा सॉरी ताई. शेवटी मी ओरडले, "सर्व्ह कर रे बाबा, माफीपत्र नंतर लिहून दे!" शेजारचे हसले. तू नाही हसलास. ते मला दिसलं होतं.

चार-तीन झाले. मी पुढे. सात गेम झाले म्हणजे बाजू बदलायची. इथून नीट वाच, कारण तुझं वाऱ्याचं सोंग इथेच उघडं पडतं. बाजू बदलल्यावर वारा माझ्या पाठीवर आला आणि तुझ्या तोंडावर. टेकडीकडून येणारा वारा, त्याने त्या संध्याकाळी एकदाही दिशा बदलली नाही. पहिल्याच पॉइंटला मी नेटवर आले. चेंडू तुझ्यासमोर आखूड पडला, ताटात वाढल्यासारखा. माझ्या डावीकडे अख्खं कोर्ट रिकामं होतं. तिथे आईनेसुद्धा पॉइंट काढला असता. तू मारलास तो सरळ माझ्या चेहऱ्यावर. समोरच्या वाऱ्यात चेंडू मंदावतो, हे बाबांनी आपल्याला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. मंदावूनही त्याने माझा डोळा फोडला. म्हणजे तू अंगात होतं नव्हतं ते सगळं घालून मारलास.

आणखी एक. मारताना माणूस चेंडूकडे बघतो. तू माझ्याकडे बघत होतास.

आपल्या क्लबात पंच नसतो. चेंडू ज्याच्या बाजूला पडतो तो सांगतो, आत की बाहेर, आणि समोरच्याने ते ऐकायचं असतं. हा माझ्या बाजूला पडला. तेव्हा निकाल मी देणार.

बाजू बदलताना मी काहीतरी बोलले असेन. खेळात माणूस बोलतो.

रुपाली


वारजे, २८ एप्रिल

शौनक,

शनिवारी डोळा काढला. तुला आईने सांगितलंच असेल, पण मी पुन्हा सांगते. आत शिवण्यासारखं काही शिल्लक नव्हतं. डॉक्टर फार सभ्य आहेत, 'काढला' म्हणत नाहीत, 'आतलं साफ केलं' म्हणतात. घर साफ करतात तसं. सहा-सात आठवड्यांनी काचेचा बसवतील. आई विचारत होती, रंग जुळेल ना? मी म्हटलं, निळा घेऊ या, एवीतेवी नवाच घ्यायचाय.

सकाळी चहा ओतायला गेले. एका डोळ्याला अंतर कळत नाही. कप समोर दिसत होता आणि चहा त्याच्या अलीकडे ओट्यावर पडला, तिथून माझ्या पायांवर. पायाला फोड आलेत. मी पातेलं उचलून भिंतीवर आपटलं. मग कप. मग कपाटातले उरलेले कप, एकेक करून. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणत होती, "अगं, बशा तरी ठेव." मग बशाही फोडल्या. त्या आवाजाने बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. प्रत्येक कपाच्या जागी तुझं डोकं होतं.

रात्री झोप लागली की तुझे दात पाडते. रोज.

आणि जागेपणी जे केलं ते तू कोणाला सांगितलेलं दिसत नाही. चेंडू लागल्यावर मी पडले नाही. नेटवरून पलीकडे कशी आले आठवत नाही, पण रॅकेटच्या कडेने तुला मारत होते ते चांगलं आठवतंय. पाठीवर, खांद्यावर, कानावर. तू हात वर केला नाहीस. उकिडवा बसून राहिलास, पोतं बसावं तसा. जुनेदने मागून कंबरेला धरून मला ओढलं, तेव्हा त्याच्या पांढऱ्या शर्टावर तुझं आणि माझं रक्त एकत्रच लागलं. तुझ्या कानाला टाके पडले, असं आई सांगते. पडू देत. कान दोन असतात, असं मी म्हणणार होते, पण मग लक्षात आलं, डोळेही दोनच असतात.

आता मुद्द्याचं. हॉस्पिटलने पोलिसांना कळवलं आहे, त्यांना कळवावंच लागतं. हवालदार येऊन गेले. मी डोकं दुखतंय म्हणून त्यांना परत पाठवलं. सोमवारी, चार तारखेला, जबाबासाठी चौकीत बोलावलं आहे. आई त्या दिवसापासून माझ्या मागे लागली आहे. "घरातलं घरात राहू दे. वाऱ्याने झालं म्हण. त्याची नोकरी जाईल, बाई. आधीच संस्कृतीसारखी बायको सोडून गेली, त्यात हे. तो काही तरी करून घेईल जिवाचं." मी म्हटलं, तो स्वतःच्या जिवाचं काही करत नाही, दुसऱ्याच्या करतो.

पण सौदा ऐक. माझ्याकडे ये. समोर उभा राहा, या एका डोळ्याकडे बघ आणि म्हण, "ताई, मी चेंडू तुला मुद्दाम मारला." एवढंच. रडू नकोस, पाया पडू नकोस, सॉरी तर अजिबात म्हणू नकोस. तू खरं बोललास तर मी सोमवारी खोटं बोलेन. सांगेन हवालदारांना, सोसाट्याचा वारा होता. आणि तू जर वाऱ्याचंच तुणतुणं वाजवत बसलास, तर मी खरं बोलेन. मग नोकरी, अब्रू, जे जाईल ते जाईल.

माझा डोळा तू फोडलास हे मला सहन होईल. भावाने फोडला, रागाने फोडला, ठीक आहे, लहानपणी मीही तुझं डोकं पाटीने फोडलंय. पण तो वाऱ्याच्या नावावर टाकून तू मोकळा होणार असशील तर ते मला सहन होणार नाही.

रविवारपर्यंत वाट बघते.

रुपाली


वारजे, १ मे

शौनक,

जुनेद आत्ताच येऊन गेला. मी विचारलं, काय म्हणाला? तो इकडेतिकडे बघायला लागला. "रुपालीताई, जाने दो ना. तो दोन्ही पत्रं जिन्यातच उभा राहून वाचत होता." मी म्हटलं, काय म्हणाला ते बोल. तेव्हा म्हणाला, "एवढंच म्हणाला की ताईला विचार, बाजू बदलताना ती काय बोलली, ते तिने पत्रात का नाही लिहिलं?"

आई तिथेच शेंगा सोलत बसली होती. तिने वर बघितलं. "काय बोललीस गं?" मी म्हटलं, काही नाही. "रुपाली, काय बोललीस?" मी उठून आत गेले आणि दार लावलं. जुनेदला साधा चहासुद्धा विचारला नाही. कप तरी कुठे आहेत म्हणा.

लिहायचंय ना तुला? हे घे.

नेटच्या खांबापाशी आपण एकमेकांना ओलांडलं. तू टॉवेलने मान पुसत होतास. मी म्हटलं, "तुला शेवटपर्यंत काही नेता येतं का रे? मॅच नाही, संसार नाही, पोर नाही."

घे. लिहिलं. झालं समाधान?

तू टॉवेल घडी करून बाकावर ठेवलास. नीट घडी केलीस, कडेला कड लावून. मला वाटलं, लागलं नाही वाटतं. मला आणखी राग आला.

आणि मी ते का बोलले तेही ऐक, नाहीतर म्हणशील ताई अर्धंच सांगते. संस्कृती गेल्यापासून वर्षभर तू प्रेतासारखा वावरतोयस. आई तुझ्यासमोर ताट ठेवते, तू म्हणतोस सॉरी आई. ऑफिसात बढती दुसऱ्याला मिळते, तू म्हणतोस ठीक आहे. चेंडू वर फेकतोस, सॉरी ताई. अरे, भांड की! ओरड! मला शिव्या दे! त्या दिवशी मला तुझ्या तोंडून एक सणसणीत शिवी ऐकायची होती. म्हणून जिथे सर्वांत जास्त लागेल तिथे मारलं. आणि कुठे लागेल ते मला दुसऱ्या कोणाहीपेक्षा जास्त माहीत होतं, कारण सातव्या महिन्यात ते संस्कृतीच्या पोटातच गेलं तेव्हा दुपट्यात गुंडाळून तुझ्या हातात मीच दिलं होतं. नर्स देत होती, मी म्हटलं मी देते. तू त्याच्या पायांची बोटं मोजलीस आणि म्हणालास, "ताई, सगळी आहेत."

तर हे असं. ज्या बाईच्या हातांनी दिलं, तिच्याच तोंडून हे निघालं.

पण म्हणून फिट्टंफाट झाली असं समजू नकोस. शब्दाने डोळा फुटत नाही. मी मॅचच्या दिवसापासून हेच घोकतेय. तुझ्यावर चिडू की माझ्यावर, ते कळेना म्हणून आज आईवर चिडले. ती रडली. तेही तुझ्याच खात्यावर लिहून ठेव.

मी मागे हटत नाही. सौदा तोच आहे. रविवारी ये आणि खरं बोल. नाही आलास, तर सोमवारी मी बोलते.

रुपाली


वारजे, ४ मे

गाढवा,

काल दिवसभर मी दाराकडे बघत बसले. बेल वाजली तेव्हा इस्त्रीवाला होता. संध्याकाळी आईला म्हटलं, तुझा लाडका आला नाही, आता उद्या माझ्याकडून काही अपेक्षा ठेवू नकोस. ती देवासमोर जाऊन बसली.

आज अकराला चौकीत गेले. जुनेद रिक्षाने सोबत आला, पायऱ्या अजून मला फसवतात. काय बोलायचं ते सगळं डोक्यात तयार होतं. बाजू बदलली, वारा माझ्या पाठीवर, कोर्ट रिकामं, तुझी नजर. हवालदारांनी खुर्ची दिली आणि म्हणाले, "तुमचे बंधू सकाळी साडेनऊलाच येऊन जबाब देऊन गेले."

मी म्हटलं, काय जबाब? वाऱ्याचा?

त्यांनी वाचून दाखवला. सरकारी मराठीत, पण मला प्रत्येक वाक्यात तुझा आवाज येत होता. "मी चेंडू जाणूनबुजून बहिणीच्या चेहऱ्यावर मारला. वाऱ्याचा काही संबंध नाही. बहिणीने मला चिथावणी देणारं काहीही केलं अथवा बोललं नाही. माझ्या कानाची जखम मी स्वतः पडल्यामुळे झाली आहे."

शौनक, मी तुला काय सांगितलं होतं? माझ्यासमोर म्हण, असं सांगितलं होतं ना? मला सांग, चौकीला नाही! एवढी साधी गोष्ट! आणि खरं बोलायचंच होतं तर पूर्ण बोलायचंस. मी तुला काहीच बोलले नाही? तू पडलास? कोणी शिकवलं तुला हे अर्धं खरं आणि अर्धा माझ्यावर उपकार?

मी ओरडले. "खोटं आहे हे!" बाहेरच्या बाकावरचे लोक आत डोकावले. हवालदार म्हणाले, "काय खोटं?" मी म्हटलं, सगळं खोटं, वारा होता. त्यांनी पेन उघडता उघडता माझ्याकडे बघितलं. "वारा?" मी म्हटलं, हो, वारा! एवढा वारा होता की रेषा दिसत नव्हत्या, विचारा या जुनेदला. जुनेद म्हणाला, "हो साहेब, फार वारा होता." हवालदार म्हणाले, "बाई, इथे रोज लोक येतात. मारणारा म्हणतो मी नाही मारलं, आणि ज्याला लागलं तो म्हणतो यानेच मारलं. तुमच्या घरात उलटंच दिसतंय. तुम्ही दोघं एकदा घरी बसून ठरवा आणि मग या."

मी म्हटलं, साहेब, मी त्याला बोलले होते. त्याच्या गेलेल्या बाळावरून बोलले होते. ते लिहा.

त्यांनी पेन खाली ठेवलं. जुनेदने मान फिरवली, त्यालाही आत्ताच कळलं. मग हवालदार म्हणाले, "लिहितो की. पण मग तो त्या रागाने मारला असंच होतं ना? आणि वारा असेल, तर तुम्ही काय बोललात त्याचा इथे प्रश्न येत नाही. दोन्ही एकदम कसं लिहू? एक काय ते सांगा."

तिथे मी अडकले बघ. माझं बोलणं कागदावर आणायचं तर तुला आत घालावं लागतं. तुला सोडवायचं तर माझं बोलणं गिळावं लागतं, कायमचं. मी म्हटलं, "वारा." त्यांनी लिहिलं. मी सही केली. सही ओळीवर बसली नाही.

तुझा जबाब तसाच आहे आणि माझाही तसाच आहे, आता वरचे साहेब बघतील काय ते, असं म्हणाले. गुन्हा दाखल झालाच तरी जामीन होतो म्हणे. जुनेदच्या ओळखीचे एक वकील आहेत, त्यांच्याकडे परवा सकाळी दहाची वेळ घेतली आहे. तुला यायचंय. आणि तिथे तू तोंड उघडायचं नाहीस. वकील विचारतील तेव्हा मी बोलेन. वारा होता. आयुष्यात एकदा तरी ताईचं ऐक. एक डोळा गेला तो गेला, भाऊ नाही घालवणार मी.

घरी येताना रिक्षात खूप रडले. डॉक्टरांनी रडू नका म्हणून सांगितलंय, पट्टीखाली झोंबतं. झोंबू दे. आईला सगळं सांगितलं, मी काय बोलले तेही. ती उठली आणि तिने माझ्या तोंडात मारली. या वयात. मग माझं डोकं मांडीवर घेऊन बसली. आत्ता आत भात लावतेय. तुझ्यासाठीही लावलाय, असं मुद्दाम मोठ्याने म्हणाली.

मी बोलले ते मला परत घेता येत नाही, शौनक. मला त्याची लाज वाटते. तू मारलास त्याचा राग मला अजून आहे, तोही जात नाही. दोन्ही घेऊन बसले आहे.

एक गोष्ट आज चौकीत माझ्या लक्षात आली. हवालदारांना मी 'बाळ' म्हटलं. तुला तर 'पोर' म्हटलं होतं. तुम्ही दोघांनी त्याचं नाव ठरवलं असेल ना? सात महिने तुम्ही काहीतरी म्हणून हाक मारत असाल. मी कधी विचारलंच नाही.

आज ये. जेवायला ये. मला त्याचं नाव सांग.

ताई